आत्मचरित्र : एक वाङ्मयप्रकार आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला विषय सुचविला तो 'वाङ्मयप्रकार, टीकादृष्टी आणि लोकप्रिय लेखक' असा. विषय समुद्राएवढा आणि वेळ ओंजळीएवढा. म्हणून त्यातला एकच प्रकार मी निवडला आहे : आत्मचरित्र. आपल्या कपाटांत 'स्वामी' आणि 'मृत्युंजय' आहेत, पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे आहेत, त्यांची ओळख मी करून द्यावी असे नाही. परंतु कादंबरी लिहावयास प्रतिभा लागते, काव्यास त्याहूनही अधिक. आत्मचरित्र मात्र आपल्यापैकी कोणाच्याही घरात लिहिले जाण्याचा संभव असतो. आणि म्हणूनच त्याविषयी आपणा सर्वांवर काही जबाबदारी येते.

या प्रकाराची मराठीतील परंपरा मोठी आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' १८८८ साली प्रसिद्ध झाले. स्त्रियांना मात्र आपली कहाणी छापील पुस्तकात सांगण्याची सोय त्या काळी जवळजवळ नव्हतीच. म्हणून हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी लिहिताना यमूच्या तोंडून आत्मकथनाचेच रूप घेतले. पुढे १९१० साली रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या आणि १९३४ पासून भागाभागाने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आली. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. परंतु आपल्या वडिलांचे सोवळ्याचे वेड, पतीचा तापट स्वभाव, १८९५ साली त्यांनी केलेले धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट, हे सारे त्यांनी असे सांगितले आहे की वाचणाराला हसू येते आणि त्याच क्षणी डोळेही भरतात. विशेष हे की, त्यात कोणाचीही निंदा नाही आणि कोणाचीही खोटी स्तुती नाही.

आत्मचरित्राकडे पाहण्याच्या टीकाकारांच्या दृष्टी निरनिराळ्या आहेत. फडके आणि खांडेकर यांच्यातील 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. कलावादी विचारतो, मांडणी कशी आहे? जीवनवादी विचारतो, यातून जीवनाला काय लाभले? मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर साहित्याची परीक्षा करून दाखविली. या तिन्ही कसोट्या उपयोगी आहेत. परंतु आत्मचरित्रापुढे त्या अपुऱ्या पडतात. तेथे पहिला प्रश्न असा की, लिहिणारा खरे बोलत आहे काय? आणि दुसरा असा की, त्याला कोठून दिसत होते?

याचे एक बोलके उदाहरण आहे. महर्षी कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ साली. दोघेही सत्यवादी, दोघांचा संसार एक. परंतु एका पुस्तकात संस्था कशी उभी राहिली ते दिसते आणि दुसऱ्यात, ती उभी राहत असताना घरात पैशाची ओढाताण कशी होत होती ते दिसते. पहिल्याने दुसरे खोटे ठरत नाही. मात्र एकच वाचणाराला त्या घराची अर्धीच हकीकत कळते, हे निःसंशय.

आता मी थोडे स्वतःविषयी बोलणार आहे. त्यात माझी अप्रतिष्ठा आहे, परंतु न सांगावे तर आजच्या बोलण्याला अर्थ उरत नाही.

माझी एक आत्या होती. सोळाव्या वर्षी तिला वैधव्य आले आणि उरलेले आयुष्य तिने सासरच्या स्वयंपाकघरात काढले. उतारवयात तिने जमाखर्चाच्या एका जुन्या वहीत आपल्या आठवणी लिहिल्या. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी ती वही तिने माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "तू शिकलेला आहेस. शुद्धलेखन तेवढे बघ."

मी शुद्धलेखन पाहिले, आणि तेवढ्यावर थांबलो नाही. दिरांनी तिचा हिस्सा दिला नाही आणि ज्ञातीतील प्रतिष्ठितांकडे तिने दाद मागितली तेव्हा सर्वांनी मौन धरले, असे तिने लिहिले होते. ते मी गाळले; नातेवाइकांना काय वाटेल, असा विचार मी केला. आणखी एका पानावर, शेणी घेऊन येणाऱ्या एका बाईविषयी होते. त्या दिवसांत आत्याजवळ परसात बसून तिची विचारपूस करणारी ती एकटीच. आत्याने पुढे लिहिले होते की, ती बाई उठून गेली की आपण त्या जागेवर पाणी शिंपडत असू, आणि ते आठवले की आता आपल्याला स्वतःची लाज वाटते. हेही पान मी गाळले. त्याच्या जागी तीर्थयात्रेचे वर्णन थोडे वाढविले.

पुस्तिका छापून झाली. आत्याने ती चष्मा लावून दोन दिवसांत वाचली आणि मला म्हणाली, "छान झालंय रे. पण ही बाई कोण?"

मूळ वही छापखान्यातून परत आणण्याची तसदी मी घेतली नव्हती. पुढे शोध केला तेव्हा ती मिळाली नाही. ती दोन पाने आता माझ्या आठवणीखेरीज कोठेही नाहीत.

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. मग १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आले, पुढे २००३ साली ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' आले. ही पुस्तके वाचताना मला वारंवार ते परस आठवे. आत्याला आपल्या बाजूने जे दिसले होते, तेच येथे पलीकडच्या बाजूने लिहिलेले होते. या लेखकांनी आपल्या वस्तीतील भांडणे, भूक, व्यसने, आपल्याच माणसांचे दोष, काहीही झाकले नाही. त्यासाठी त्यांना आपल्या माणसांचाही रोष पत्करावा लागला. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या १९९६ सालच्या ग्रंथात असे मांडले की, या लेखनाची परीक्षा केवळ आनंदाच्या मापाने करू नये. स्वातंत्र्य आणि समता ही मूल्ये तेथे मोजावीत. मला ते पटते. आणि मी त्यात एक पुस्ती जोडतो : जी कसोटी आपण त्यांच्या पुस्तकांना लावतो, तीच आपल्या घरातील वह्यांनाही लावली पाहिजे.

मित्रहो, आपल्या या स्मरणिकेचे अंक मी दरवर्षी वाचतो. त्यांतील दिवंगतांचे परिचय पाहिले, तर प्रत्येक गृहस्थ मनमिळाऊ, प्रत्येक गृहिणी सुगरण आणि प्रत्येक संसार सुखाचा. हे लिहिणाऱ्यांचे प्रेम खोटे नाही. परंतु पन्नास वर्षांनंतर आपला नातू हे अंक उघडील, तेव्हा त्याला आपली माणसे त्यांत सापडतील काय? लेखक आपल्या ज्ञातीचा आहे म्हणून त्याची पाठ थोपटणे आणि तो ज्ञातीविषयी अप्रिय बोलला म्हणून तोंड फिरविणे, या दोन्ही गोष्टी टीका नव्हेत.

सत्य सांगणे म्हणजे चव्हाट्यावर धुणे धुणे नव्हे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. हयात माणसांना दुखवू नये; नाव सांगण्याची जरुरी नसेल तेथे ते सांगू नये. परंतु नाव झाकणे निराळे आणि घडलेले पुसणे निराळे. पहिल्यात विवेक आहे. दुसरे मी केले.

म्हणून माझी मंडळास नम्र विनंती आहे. पुढील अंकापासून काही पाने घरातील ज्येष्ठांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आठवणींसाठी राखून ठेवावीत. त्यांची भाषा बोलीची असली तर तशीच छापावी. मूळ वह्या जपून ठेवाव्यात. आणि तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे की, आजी वही हाती देईल तेव्हा शुद्धलेखन जरूर पाहा. पण तेवढेच पाहा.