फोन आपला, किल्ली कोणाची?

(पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मोबाईल फोनचा आहे. परंतु मुलांनी फोन किती वेळ हातात धरावा, या नेहमीच्या प्रश्नाकडे मी वळणार नाही. त्यावर घरोघरी पुष्कळ बोलले जाते आणि मुले ऐकावयाचे तेवढेच ऐकतात. मला बोलावयाचे आहे ते फोनच्या मालकीविषयी. दुकानात पैसे मोजून फोन घेतला म्हणजे आपण त्याचे मालक झालो काय? आणि झालो असू, तर कितपत?

तुमच्या घरात कपाटाचा एखादा खण असा असेल, की ज्यात दोन-तीन जुने फोन पडून आहेत. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी घेतलेला फोनही त्यात असेल. काच शाबूत आहे, आवाज स्वच्छ येतो, फार तर बॅटरी बदलावी लागेल. तरीही तो बाद ठरला आहे, कारण बँकेचे अॅप त्यावर उघडत नाही आणि नवे अॅप उतरत नाही. बोईसर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखविला तर तो सांगतो, की फोन ठीक आहे, सॉफ्टवेअर जुने झाले.

आता हे ‘जुने झाले’ म्हणजे काय, ते नीट पाहावयास हवे. कापड विटते, लोखंड गंजते, विशेषतः आपल्या समुद्रकाठच्या हवेत. सॉफ्टवेअर गंजत नाही. ते जुने होते याचा अर्थ एवढाच, की बनविणाऱ्याने त्याच्याकडे लक्ष देणे बंद केले. सॉफ्टवेअरमध्ये वेळोवेळी उणिवा सापडतात, चोराला शिरावयास वाट देणारी छिद्रे सापडतात. ती बुजविण्याचे काम कंपनी काही वर्षे करते व पुढे थांबते. दुसऱ्या कोणी ती बुजवावीत, तर फोनला कुलूप आहे आणि किल्ली कंपनीपाशी.

हा प्रकार आपल्या भागाला अगदीच अपरिचित नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारून दिले व ते ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागले. जमीन आपली, समुद्राचे पाणी आपले, कामगार आपले. परंतु त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून यावयाचे. १९७४ साली पोखरणची अणुचाचणी झाली, १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुरवठ्याचे घोडे अडले. अखेरीस १९८२ साली फ्रान्सकडून इंधन घेण्याची तडजोड करावी लागली. त्याच आवारातील तिसरा व चौथा संच मात्र आपल्या अभियंत्यांनी आखला. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे हे संच साध्या युरेनियमवर चालतात व २००५ आणि २००६ साली ते सुरू झाले. यंत्र आपल्या अंगणात असणे आणि ते आपल्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढ्यासाठीच हे सांगितले.

फोनमध्ये असा दुसरा मार्ग आहे काय? आहे. त्याचे नाव लिनक्स.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राच्या सर्व भागांना कामाला लावणारा मुकादम. त्याने आपली मूळ संहिता जगापुढे उघडी ठेवली आणि १९९२ साली ती जीपीएल या परवान्याखाली आणली. हा परवाना अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८३ पासूनच्या चळवळीतून निघाला होता. त्याचे सार असे: संहिता कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, मात्र ज्याला द्याल त्यालाही हेच सर्व हक्क द्या. एका विद्यार्थ्याच्या खोलीत सुरू झालेले हे काम आज कुठवर गेले आहे? जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतील एकूण एक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. आणि ज्या अँड्रॉइडवर आपले बहुतेक फोन चालतात, त्याचा गाभाही लिनक्सच आहे.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की सर, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असेल, तर आमचा फोन खुलाच झाला की! नाही झाला. बिर्याणीची कृती छापून तुमच्या हातात दिली, पण चूल मात्र कुलूपबंद खोलीत ठेवली, तर काय उपयोग? फोन चालू होताना सर्वांत आधी एक लहानसा प्रोग्राम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. कंपनीची सही असलेल्या सॉफ्टवेअरलाच तो आत घेतो, बाकीच्यांना दारातून परत पाठवितो. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत संहिता देण्याचे बंधन होते, पण बदललेली संहिता त्याच यंत्रावर चालू देण्याचे बंधन स्पष्ट नव्हते. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ती पळवाट बुजविली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे असे, की यंत्र कसे विकावे हे आम्ही सांगू नये. मला स्वतःला हा युक्तिवाद पटत नाही, परंतु तो प्रामाणिक आहे.

लिनक्सच्या फोनांचे प्रयोग युरोप-अमेरिकेतच झाले असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी, की त्यांची मोठी बाजारपेठ म्हणून आपल्याच देशाकडे पाहिले गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स हा फोन १,९९९ रुपयांना आला. त्यावर मोझिलाची फायरफॉक्स ओएस होती. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझन प्रणालीचा झेड१ प्रथम भारतातच, ५,७०० रुपयांना काढला. जुलै २०१६ मध्ये इंटेक्सचाच अॅक्वा फिश ५,४९९ रुपयांना आला. त्यावर फिनलंडच्या योला कंपनीची सेलफिश प्रणाली होती, आणि ही कंपनी नोकिया सोडलेल्या मंडळींनी काढलेली होती. तिन्हींचा गाभा लिनक्स. तिन्ही टिकले नाहीत. गिऱ्हाईक अॅप मागत होते, आणि अॅप लिहिणारे म्हणत होते की गिऱ्हाईक आधी दाखवा.

चौथा प्रयोग मात्र आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईतील रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, बटणांचा फोन, त्यात ४जी. आपल्याकडील कितीतरी आजी-आजोबांनी पहिल्यांदा चित्रफीत पाहिली ती ह्याच फोनवर. त्यावरील कायओएस ही प्रणाली आली कोठून? मोझिलाने डिसेंबर २०१५ मध्ये फोनसाठीची फायरफॉक्स ओएस सोडून देण्याचे जाहीर केले होते. पण संहिता खुली असल्यामुळे ती मेली नाही. दुसऱ्या कंपनीने ती उचलली, बटणांच्या फोनसाठी बदलली आणि ती कोट्यवधी भारतीयांच्या खिशात गेली. खुल्या संहितेचे सामर्थ्य यात दिसते. आणि मर्यादाही ह्याच फोनमध्ये दिसते. तो फोन जिओच्याच सिमवर चाले, त्याची किल्ली वापरणाऱ्याकडे नव्हती, आणि जून २०२४ मध्ये कायओएसवर नव्याने व्हॉट्सअॅप घेणे बंद झाले, तेव्हा चांगला चालणारा फोन हातात धरून बसण्यापलीकडे मालकाला काही करता येण्यासारखे नव्हते.

किल्लीसकट मिळणारे फोनही निघाले आहेत. अमेरिकेच्या प्युरिझम कंपनीने २०१७ साली लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन लिब्रेम ५ चे काम सुरू केले. त्याची किंमत तेव्हाच ५९९ डॉलर होती, म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची. जानेवारी २०२० मध्ये पाईन६४ या संस्थेचा पाईनफोन ग्राहकांच्या हाती पडू लागला, तो सुमारे १४९ डॉलरचा. त्याचे मागचे झाकण नखाने निघते, बॅटरी हाताने बदलता येते, आणि आत बारीक खटके आहेत. मायक्रोफोनचा खटका खाली केला की मायक्रोफोनची वाटच तुटते. मग कोणतेही अॅप चोरून ऐकू शकत नाही. मुलींच्या पालकांना कॅमेऱ्याची धास्ती असते. त्यांनी ध्यानात घ्यावे, की त्यात कॅमेऱ्यांसाठीही वेगळे खटके आहेत. पडद्यावरच्या चित्राला ‘बंद’ म्हणण्यापेक्षा हे बंद करणे अधिक खात्रीचे.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते पोस्टमार्केटओएस हे काम. २०१७ साली ते सुरू झाले, आणि फोन दहा वर्षे चालावा हे ध्येय आरंभीच ठेवले गेले. नवा फोन विकणे हा त्यांचा उद्योग नाही. कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर सरळ लिनक्स चढविणे, हे ते करतात. २०१८ साली आपल्याकडे भरपूर खपलेले पोको एफ१ व वनप्लस ६ हे फोन त्यांच्या यादीत आहेत. उबंटू टचचेही असेच. कॅनॉनिकल कंपनीने २०१७ साली तो प्रकल्प सोडला, आणि यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने तो पुढे चालविला.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुमची दिशाभूल केली असे होईल. घरातील एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग मुळीच करू नका. यूपीआयची व बँकांची बहुतेक अॅप्स लिनक्सच्या फोनवर चालत नाहीत, कारण यंत्रावर गूगलचा किंवा अॅपलचा शिक्का आहे की नाही हे ती आधी तपासतात. पैसे पाठवावयाचे तर *९९# किंवा मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी सुरू झालेली यूपीआय १२३पे यांचा आधार घ्यावा लागतो. आवाजाचेही अडते. जिओचे जाळे ४जीपासून पुढचे असल्यामुळे साधा कॉलही व्होल्टे पद्धतीनेच जातो, आणि लिनक्सच्या पुष्कळ फोनांना ते अजून नीट जमत नाही. कोठे कॅमेरा चालत नाही, कोठे बॅटरी दुपारीच संपते. लोकलमधून रोज मुंबईला जाणाऱ्या अब्बांना हा फोन देणे म्हणजे त्यांची परीक्षा पाहणे होईल.

मग हे सर्व सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन खणातल्या त्या जुन्या फोनाचे आहे. ज्या घरात लॅपटॉप घेण्याची ऐपत नाही, तेथे हाच फोन, ब्लूटूथचा कीबोर्ड जोडून, मुलीच्या हाती लिनक्स आणि पायथन शिकण्याचे यंत्र होऊ शकतो. कॉल लागला नाही तरी बिघडत नाही. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे व प्रोग्रामिंगचे छोटे छोटे पाठ विनामूल्य आहेत, आणि त्यांतील पुष्कळ मराठीतून ऐकता येतात. केरळच्या शासकीय शाळांनी तर संगणकशिक्षण कित्येक वर्षांपूर्वीच लिनक्सवर नेले. आमच्या मुलांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत केवळ यंत्राचे बटण दाबणारे हात म्हणून का जावे? घरचा वायफाय राऊटर घ्या की टीव्हीचा डबा घ्या, आत पुष्कळदा लिनक्सच असते. ते उघडून पाहिलेला मुलगा आणि न पाहिलेला मुलगा यांच्या पगारात पुढे फरक पडतो.

प्रोग्रामिंगची आवड नसलेल्यांनाही यात काम आहे. लिनक्सवर मराठी अक्षरे सुबक दिसावीत म्हणून ‘लोहित’ हा मुक्त फाँट २००४ साली रेड हॅटने खुला केला, आणि त्याची देखभाल पुण्यात होत आली. ग्नोम व केडीई या लिनक्सच्या पडद्यांवरील मजकुराचे मराठी भाषांतर स्वयंसेवकच करतात आणि ते अपुरे आहे. उर्दूचीही तीच कथा. घरात उर्दू, शाळेत मराठी अशी दोन्ही भाषांत वाढलेली मुले आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. त्यांच्याइतका लायक भाषांतरकार पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना शोधून सापडावयाचा नाही.

ज्या विद्यार्थ्यांना हात घालावयाचा आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. प्रथम घरच्यांची परवानगी घ्या. फोनमधील फोटो व नंबर दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण कुलूप उघडताना सर्व पुसले जाते. फोनचे नेमके मॉडेल सेटिंग्जमधून लिहून घ्या. नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली दोन निरनिराळे फोन विकलेले असतात. मग पोस्टमार्केटओएसच्या यादीत ते मॉडेल आहे काय आणि त्यात काय चालते, काय चालत नाही, ते वाचा. काही कंपन्या बूटलोडर उघडण्याची परवानगी अर्ज केल्यावर काही दिवसांनी देतात, काही मुळीच देत नाहीत. न देणाऱ्यांच्या वाटेला जाऊन वेळ दवडू नका. बॅटरी निदान अर्धी भरलेली असू द्या. आणि केबल नुसती चार्जिंगची आहे की तिच्यातून डेटाही जातो, हे आधी संगणकाला जोडून पाहा. पहिल्या दिवशीचा निम्मा वेळ त्यातच जातो.