लहान घराची निवड आणि नांदणूक



घर लहान कीं मोठें, हा प्रश्न आपण बहुधा चौरस फुटांत विचारतों आणि उत्तरही चौरस फुटांतच घेतों. परंतु एकाच मापाच्या दोन घरांपैकीं एकांत पांच माणसें सुखानें नांदतात व दुसऱ्यांत तिघांचाही जीव कोंडतो, हें आपण सर्वांनींच पाहिलेलें आहे. तेव्हां आंकड्यापलीकडे पाहावयाचें तें काय, एवढ्याच मुद्द्याचा आज विचार करावयाचा आहे.

मुंबईकरांना लहान घर नवें नाहीं. १८९६ सालीं शहरांत प्लेग आला, आणि दाट, काळोख्या वस्त्या सुधारण्यासाठीं १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढें १९२० सालीं निघालेल्या मुंबई विकास खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथें चाळी बांधल्या. त्यांतील एक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. शौचकूप मजल्यावर सामाईक. एवढ्या खोलींत पिढ्या वाढल्या, त्या कांहीं केवळ सोशिकपणामुळें नव्हे. मधला लांब बोळ, जिना आणि चाळीपुढचें पटांगण हीं सर्व त्या खोलीचींच दालनें होतीं. मुलें तेथें खेळत, वडीलधारीं तेथें बसत. त्या जीवनांत हाल पुष्कळ होते व ते विसरतां कामा नयेत. परंतु लहान घराला दाराबाहेर कांहीं आधार लागतो, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे. म्हणून घर निवडतांना दार लावून घेतल्यावर आंत काय उरतें हें जसें पाहावें, तसेंच दार उघडल्यावर बाहेर काय मिळतें हेंही पाहावें.

घर पाहावयास भर दुपारीं जावें आणि दिवे मालवून पाहावें. त्या वेळींही वाचण्यास दिवा लागत असेल, तर तें घर स्वस्त असूनही महागच पडेल. एकाच भिंतीला दोन खिडक्या असण्यापेक्षां समोरासमोरच्या भिंतींत एकेक असली, तर वारा आरपार खेळतो. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यांत दुपारनंतर तापते, आणि कोंकणपट्टींत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूस ओल धरते कीं काय, हें शक्य तर आषाढ-श्रावणांत पाहून घ्यावें.

आतां मापाविषयीं. २०१६ च्या ज्या कायद्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, त्यानें चटईक्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. त्यांत बाहेरच्या भिंती, सज्जा व उघडी गच्ची धरीत नाहींत; मात्र आंतल्या आडभिंतींखालची जमीन धरतात. म्हणजे खोल्यांची संख्या वाढविण्यासाठीं जितक्या आडभिंती घालाव्या, तितकी वावरावयाची जागा कमी होते आणि पैसे मात्र तिचेही मोजावे लागतात. दारांचेंही तसेंच. अडीच फूट रुंदीचें दार आपल्या फिरण्यासाठीं सुमारें ५ चौरस फूट जमीन अडवून ठेवतें. आंत उघडणारीं अशीं चार दारें म्हणजे २० चौरस फूट. ३०० चौरस फुटांच्या घरांत हा पंधरावा हिस्सा झाला. जेथें सरकतें दार किंवा पडदा पुरेल, तेथें तेवढाच योजावा. माळ्यावरची जी वस्तू दोन दिवाळ्यांत एकदांही खालीं उतरली नाहीं, ती आपणांकडून जागेचें भाडें वसूल करीत आहे असें समजावें.

परंतु सर्वांत अवघड वांटणी माणसांची. लहान घरांत जागा कोणाची, हें कोणी उघड विचारीत नाहीं. तें मुकाट्यानें ठरतें, आणि जो बोलत नाहीं त्याच्या वांट्याला कमी येतें. कर्त्या पुरुषाची खुर्ची ठरलेली असते. दूरचित्रवाणीला तर सबंध भिंत मिळते. मुलीच्या अभ्यासाला मेज मिळतें तें सर्वांचीं जेवणें उरकल्यावर. आजोबांची खाट पाहुणे आले कीं उचलली जाते. आणि ज्या गृहिणीच्या हातून सारें घर चालतें, तिला ओट्याखेरीज आपली म्हणावी अशी हातभर जागा नसते.

यावर उपाय खर्चाचा नाहीं. प्रत्येकाला एक फळी, एक खुंटी आणि बसण्याची एक जागा नेमून द्यावी व ती दुसऱ्या कोणी व्यापूं नये. जागा वाढवितां येत नसेल, तर वेळ वांटून घ्यावा. खिडकीजवळची जागा सकाळीं विद्यार्थिनीची, दुपारीं आजोबांची आणि सायंकाळीं तासभर गृहिणीची असें ठरलें, तर एका खिडकीवर तिघांचें समाधान होतें. त्या तासांत तिला कोणी चहा मागूं नये, एवढें पथ्य मात्र पाळलें पाहिजे.

तेव्हां नवें घर पाहावयास जाल, त्या वेळीं मोजपट्टीबरोबर घरांतील माणसांची यादीही न्या. प्रत्येक नांवापुढें त्याची जागा लिहितां आली, तरच विसार द्या.