कॅन्सर पसरला म्हणून औषध थांबवू नका
(महासंघाच्या मासिक सभेतील आरोग्यावरचे भाषण)



आज स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलू, आणि तेही अंगात पसरलेल्या. आपल्याकडे "तिचा पसरलाय" असं कळलं की घरचे म्हणतात, आता कशाला पैसे घालवायचे? अन् बाई गप्प बसते. म्हणून हा विषय घेतला.

कपाशीवर एकच औषध वर्षानुवर्षे मारलं, की अळीला ते बाधत नाही. मग औषध बदलावं लागतं. कॅन्सरचंही तसंच. चालू गोळी बरेच दिवस लागू पडते, मग पेशी बदलतात आणि ती चालेनाशी होते. जुन्या गाठीचा रिपोर्ट तेव्हाचा असतो. आता आजार हाडात किंवा लिव्हरमध्ये असेल, तर पुन्हा तुकडा काढणं अवघड जातं.

इथे रक्त कामाला येतं. कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. ते तपासले की पेशीत कोणता बदल झाला ते कळू शकतं. ब्रिटनमध्ये 'प्लाझ्मामॅच' नावाच्या अभ्यासात हजारावर रुग्णांचं रक्त असं तपासलं. 2020 मध्ये निकाल छापून आला. रक्ताचा रिपोर्ट गाठीच्या रिपोर्टशी बहुतेक वेळा जुळला. एचईआर2 किंवा एकेटी1 या जनुकांत बदल सापडलेल्यांना त्यावरचं नेमकं औषध दिलं, तेव्हा साधारण चार-पाच जणींत एकीची गाठ बरीच आकसली. सगळ्यांना गुण आला नाही, हेही सांगते. ईएसआर1 हा बदल रक्तात दिसला तर द्यायची इलासेस्ट्रंट ही गोळी अमेरिकेत जानेवारी 2023 मध्ये मंजूर झाली.

आता तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

एक, ही तपासणी गाठ कॅन्सरची आहे का ते ओळखायला नाही. छातीत गाठ लागली, निपलमधून रक्त आलं, कातडी ओढली गेली, तर सरळ दवाखाना गाठा. तिथे गाठीचा तुकडाच तपासावा लागतो.

दोन, रक्तात काही सापडलं नाही म्हणजे बदल झालाच नाही, असं नाही. डॉक्टर पुन्हा तुकडा काढू म्हणाले तर घाबरू नका.

तीन, तपासणी महाग असते. गटातून कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, "या रिपोर्टनं माझं औषध बदलणार का? ते औषध इथे मिळतं का, खर्च किती?" उत्तर "नाही" असेल तर पैसे उपचाराला ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आपल्या गटात अशी ताई असेल तर तिची फाईल जपा, सगळे जुने रिपोर्ट एकत्र ठेवा, आणि तारखेला एकीनं तरी तिच्यासोबत जा. डॉक्टरांपुढे प्रश्न विचारायला दोघी असल्या की धीर येतो.