न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड

मुंबईच्या न्यायालयीन इतिहासातल्या एका इंग्रज न्यायाधीशाची आज ओळख करून घेऊया. सर जोसेफ आर्नोल्ड यांचा जन्म १८१३ चा. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी कवितेसाठी पारितोषिक मिळवलं, पुढे वकिली केली. सागरी विम्याच्या कायद्यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ वकील मंडळी आजही सुधारित आवृत्त्यांत वापरतात. १८५९ साली ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून आले.

त्यांचं नाव गाजलं ते १८६२ च्या महाराज बदनामी खटल्यानं. पत्रकार करसनदास मूलजी यांनी ‘सत्यप्रकाश’ या वृत्तपत्रातून वैष्णव धर्मगुरूंच्या, म्हणजे महाराजांच्या, दुराचारावर लिहिलं होतं. त्यांतल्याच एका महाराजांनी, जदुनाथजींनी, बदनामीबद्दल पन्नास हजार रुपयांची भरपाई मागितली. करसनदासांच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले डॉक्टर भाऊ दाजी लाड! धर्मगुरूविरुद्ध भर कोर्टात बोलायचं, याला त्या काळी छाती लागे.

नीतीच्या दृष्टीनं जे चूक, ते धर्माच्या नावानं बरोबर ठरत नाही, असं आर्नोल्ड यांनी निकालपत्रात ठामपणे मांडलं. लेखातले आरोप खरे ठरले. मला हे निकालपत्र फार मोलाचं वाटतं, कारण त्यानं पत्रकाराच्या कर्तव्याची बूज राखली.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालय स्थापन झालं आणि आर्नोल्ड तिथं आले. १८६६ मध्ये त्यांनी खोजा समाजातला एक गट आणि इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान यांच्यातल्या वादाचा निकाल दिला. त्यासाठी इस्माइली पंथाचा शेकडो वर्षांचा इतिहास त्यांनी तपासला. १८६९ साली ते निवृत्त झाले आणि १८८६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले.