जुन्या रोलरच्या गळक्या झडपा
(नभोवाणीवरील भाषण)



गिरगांवांतील खोताच्या वाडीच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत कीं, रस्ता दाबण्याचा रोलर तेथें शिरूंच शकत नाहीं. परंतु बाहेरच्या रस्त्यावर डांबराचें काम निघालें आणि रोलर जुना असला, म्हणजे त्याची घरघर व धूर हीं दोन्ही वाडींतील लाकडी जिन्यांपर्यंत येऊन पोंचतात. आपण खिडकी लावून घेतों आणि यंत्र म्हातारें झालें असें म्हणतों. पुष्कळदां तें म्हातारें झालेलें नसतें. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दांड्यावर बसविलेली एक लहानशी झडप नीट मिटत नसते, एवढेंच. या झडपेला कारखान्यांत ‘वॉल्व्ह’ म्हणतात. तिच्या दुरुस्तीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगी पाडण्याची योजना नसते. आंत घेतलेली हवा दट्ट्यानें दाबून सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शावर आणली, कीं ती ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते आणि तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. हवा आंत घेणारी एक व धूर बाहेर सोडणारी एक अशा झडपा प्रत्येक सिलिंडरवर असतात. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनांत प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळां उघडते व मिटते. ती किंचित जरी उघडी राहिली, तरी दाबलेली हवा निसटते, उष्णता पुरत नाहीं, आणि सकाळच्या गारव्यांत तेल न जळतांच पांढरा धूर होऊन बाहेर पडतें.

ही विद्या आपल्याकडे परकी राहिलेली नाहीं. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था १८८७ सालीं निघाली. तेथें शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. शेतावरील पंप व पिठाच्या गिरण्या यांवर हीं इंजिनें चालूं लागलीं, तसे तीं उघडून पुन्हां जोडणारे कारागीरहि गांवोगांवीं तयार झाले.

असा जाणता कारागीर पान्याला हात लावण्यापूर्वीं कानाचा उपयोग करतो. इंजिन थंड असावें, तेलाचा पुरवठा बंद असावा, आणि रोलरच्या चाकांखालीं लांकडी ठोकळे घातलेले असावेत. कारण उतारावर जुना रोलर रोखून धरण्यास इंजिनांतील दाबाचाच मोठा आधार असतो, आणि येथें तर तोच दाब दुबळा झालेला आहे. मग इंजिन हातानें हळू हळू फिरवून एकेक सिलिंडर दाबावर आणावा व कान द्यावा. धुराच्या नळींतून फुसफुस ऐकूं आली, तर धूर सोडणारी झडप गळते. हवेच्या गाळणीकडून आली, तर हवा घेणारी. वंगण ओतण्याच्या तोंडाशीं आवाज आला, तर दट्ट्यावरील रिंगांचा संशय घ्यावा. अशा वेळीं सिलिंडरांत चमचाभर वंगण सोडून पुन्हां फिरवावें: दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर झडपांचा. इंजिन चालू असतां रेडिएटरच्या पाण्यांत बुडबुडे येत असतील, तर मात्र हेडखालचें गॅस्केट किंवा हेडच तपासलें पाहिजे.

येथपर्यंत बहुतेकांचें एकमत असतें. चूक होते ती पुढें. घाईचा मनुष्य हेड उतरवितो, झडपेला पेस्ट लावून ती घांसतो आणि परत बसवितो. कांहीं दिवस इंजिन छान चालतें, आणि मग पुन्हां तीच तक्रार येते; कारण झडप गळूं कां लागली, हें त्यानें विचारलेलेंच नसतें.

झडपेच्या अंगांतील सुमारें तीन-चतुर्थांश उष्णता ती आपल्या बैठकीवर टेकलेली असतांना तिच्या वाटेनें निघून जाते. तापलेला दांडा लांबतो, म्हणून त्याच्या माथ्यावर थोडी फट ठेवावी लागते. कारागीर तिला टॅपेटची फट म्हणतात. बैठक झिजली म्हणजे झडप वर सरकते आणि ही फट आपोआप कमी होते. ती नाहींशी झाली, कीं गरम झडप पुरती टेकत नाहीं. तिची उष्णता जाण्याची वाट बंद होते, आणि निसटत्या ज्वाळेनें तिचा कांठ जळतो. म्हणून हेड उतरविण्यापूर्वीं प्रत्येक फट पातीच्या गेजनें मोजून लिहून ठेवावी. रोगाचें निदान बहुधा त्या कागदावरच सांपडतें. दुसरें कारण म्हणजे, ज्या नळींतून दांडा वरखालीं होतो ती गाइड झिजून झडप तिरपी बसणें. तिसरें, स्प्रिंग दुबळी होणें किंवा काजळीचा खडा अडकणें.

आतां कामाचा क्रम. प्रत्येक झडपेवर तिच्या जागेची खूण करावी. कांठ पातळ झाला असेल, तडा गेला असेल किंवा दांडा वांकला असेल, तर ती झडप टाकून द्यावी. प्रथम गाइड बदलावी, मग बैठक कापावी, आणि घांसणें सर्वांत शेवटीं. गाइड मागाहून बदलली तर मध्यबिंदु सरकतो व घांसण्याचे श्रम फुकट जातात. घांसतांना झडप गरगर फिरवूं नये, चरे पडतात. थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवून मधून मधून उचलावी व जागा बदलावी. सर्व बाजूंनीं सारखें, अरुंद, करडें वलय उमटलें कीं थांबावें. त्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढून झडप बसवावी व किंचित फिरवावी. प्रत्येक रेघ पुसली गेली तर मिलाफ पुरता झाला. पेस्टचा कणहि आंत राहूं देऊं नये, नाहींतर ती सिलिंडरच खाईल. शेवटीं स्प्रिंगा चढवून हेडच्या वाटेंत रॉकेल ओतावें आणि घटकाभर पाहावें. झडपेच्या कडेला ओल आली नाहीं, म्हणजे काम साधलें. हेड बसवून, कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणें फटी लावाव्या, आणि कांहीं तास इंजिन चालल्यावर त्या पुन्हां मोजाव्या.

सिलिंडर झिजलेला किंवा हेड तडकलेलें असेल, तर झडपा घांसून भागत नाहीं, हें मालकास स्पष्ट सांगणें हीहि कारागिराची जबाबदारी आहे. परंतु दोष झडपेचाच असतां सगळें यंत्र मोडींत काढलें, तर लहान कंत्राटदार कर्जांत पडतो आणि त्याच्या माणसांची रोजी बुडते. उलट, दोष तसाच ठेवून काम रेटलें, तर तो धूर रोलरचालकाच्या आणि अरुंद गल्ल्यांतील मुलांच्या छातींत जातो.

आपल्या इमारतींत डीझेलवर चालणारें जनित्र असेल, तर तेथेंहि न्याय हाच. पांढरा धूर दिसला, कीं नव्या यंत्राची किंमत विचारण्याआधीं देखभाल करणाऱ्यास एवढेंच विचारा: टॅपेटच्या फटी शेवटच्या केव्हां मोजल्या, आणि त्याची नोंद कोठें आहे? उत्तर तत्काळ मिळालें, तर यंत्र जाणत्या हातांत आहे असें समजावें.