रांगेंत पुढें कोणी जावें?



जळगांव स्थानकाच्या बाजूच्या रुळावर मालगाडी तिष्ठत उभी आहे आणि मागाहून आलेली मेल तिच्या शेजारून धडधडत निघून जात आहे, हें दृश्य आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेलें असेल. मुंबई-भुसावळ रस्त्यास ताप्तीच्या खोऱ्यांतून सुरतेकडून येणारा रस्ता येथें मिळतो. तेव्हां कोणती गाडी आधीं सोडावी, हा प्रश्न घडोघडीं उपस्थित होतो. अपघाताच्या ठिकाणीं मदतीस धांवणाऱ्या गाडीस सर्वांआधीं वाट द्यावी, असा रेल्वेचा दंडक आहे. संगणकांच्या जाळ्यांतील वाहतुकीसहि हाच प्रश्न पडतो, आणि आज मला त्याविषयीं बोलावयाचें आहे.

शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांतील संगणक, टेलिफोन व कॅमेरे ज्या पेटीस तारांनीं जोडलेले असतात, तीस स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशीं तिचें नामसाम्य आहे, इतकेंच. प्रत्येक संदेश लहान लहान पॅकेटांत विभागून या पेटींत येतो. चोहोंकडून पॅकेटें आलीं आणि बाहेर जाण्याचा रस्ता एकच असला, म्हणजे रांग लागते. मोठें पॅकेट सुमारें १,५०० बाइटांचें, म्हणजे १२,००० बिटांचें असतें. बाहेरची तार सेकंदास १ कोटि बिटें नेणारी असेल, तर अशा एका पॅकेटास १.२ मिलिसेकंद लागतात, आणि पुढें शंभर पॅकेटें उभीं असलीं तर त्यामागच्यास १२० मिलिसेकंद थांबावें लागतें.

छायाचित्र इतका वेळ थांबलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. वाटेंत हरवलेलें पॅकेट पुन्हां मागवितां येतें. टेलिफोनवरील आवाजाची गोष्ट निराळी. तो साधारणतः सेकंदास ५० पॅकेटांनीं जातो; एका बाजूनें १५० मिलिसेकंदांच्या वर विलंब झाला कीं संभाषण अडखळूं लागतें, आणि फार उशिरां आलेला तुकडा टाकूनच द्यावा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या आरोग्यकेंद्रांतून परिचारिका दूरच्या डॉक्टरांस औषधाचें प्रमाण विचारीत असेल, आणि त्याच क्षणीं शेजारच्या टेबलावरून महिन्याचे अहवाल रवाना होत असतील, तर "अडीच" ऐकूं आलें कीं "दीड", यावर रोग्याचें बरेंच अवलंबून असतें.

यासाठीं पॅकेटावर अग्रक्रमाचें चिन्ह घालण्याची सोय आहे. आय. ई. ई. ई. या संस्थेच्या ८०२.१क्यू या मानकांत तीन बिटांची जागा त्याकरितां राखलेली असून तींतून ० ते ७ असे आठ दर्जे होतात. ७ हा जाळ्याच्या स्वतःच्या कारभारास. आवाजास बहुधा ५. गंमत अशी कीं १ हा दर्जा ० च्याहि खालचा मानतात. ज्या कामास कसलीच घाई नाहीं त्यासाठीं तो आहे. माझ्या वर्गांत कोणी असें उत्तर लिहिलें असतें तर मीं त्यास ० च दिलें असतें!

पण चिन्ह घालावयाचें कोणी? खरा तिढा येथें आहे. ज्यानें त्यानें आपल्या पॅकेटावर ५ लिहिलें, तर सर्वच मेलगाड्या झाल्या. पांझरेच्या कांठीं फड पद्धतींत बंधाऱ्याचें पाणी पाटानें फिरतें. पण शेतकऱ्यानें तें आपण होऊन आपल्या शेतांत वळवावयाचें नाहीं, तें पाटकऱ्याचें काम. पाटकरी गांवानें नेमलेला असतो, म्हणून त्याच्या हातावर विश्वास असतो. स्विचमध्येंहि कोणत्या दारावरील चिन्हावर विश्वास ठेवावा हें आधीं ठरवावें. टेलिफोनच्या दारावरचें मानावें, इतरांचें पेटीनें स्वतः लिहावें. कांहीं यंत्रांत ही योजना चालू केली, परंतु विश्वासाची आज्ञा द्यावयाची राहिली, तर आलेलीं सर्व चिन्हें पुसून ० होतात, आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

दुसरी खबरदारी अशी. आवाजाची रांग रिकामी झाल्याखेरीज दुसरीकडे पाहावयाचेंच नाहीं, असा एक कडक प्रकार आहे. त्यांत भलतींच पॅकेटें घुसलीं तर इतर रांगा उपाशीं राहतात. म्हणून पहिल्या रांगेस मर्यादा घालावी व बाकीच्यांस वांटे ठरवून द्यावे, हें मला पसंत. एका संभाषणास एका दिशेनें सेकंदास साधारण १ लक्ष बिटांहून कमीच लागतात. दहा माणसें एकदम बोलूं लागलीं तरी वरील तारेचा दहावा हिस्साहि खर्च होत नाहीं.

अग्रक्रमानें तारेची शक्ति मात्र वाढत नाहीं. एका शिक्षणसंस्थेंत रोज अकराच्या सुमारास आवाज तुटे. शोधाअंतीं कळलें कीं साऱ्या दप्तराची नक्कल त्याच वेळीं दुसरीकडे पाठविली जात असे. ती रात्रीं पाठवूं लागतांच तक्रार मिटली.

आवाराबाहेर, इंटरनेटवर, आपलें चिन्ह बहुधा कोणी मानीत नाहीं. म्हणून बाहेरच्या तारेच्या वेगापेक्षां किंचित् कमी वेग आपल्याच पेटींत ठरवावा, म्हणजे बाहेर जाणाऱ्यांची रांग आपल्या दारांत लागते आणि तिची व्यवस्था आपल्या हातीं राहते. नंतर भर कचेरीच्या वेळीं एक मोठी फाइल पाठवावयास लावून त्याच वेळीं टेलिफोन करून पाहावा, आणि प्रत्येक रांगेंतून किती पॅकेटें गळलीं याचा यंत्रांतील आकडा वाचावा. आवाजाच्या रांगेंत गळती दिसली, तर एक तर मर्यादा आंखूड झाली आहे, नाहीं तर त्या रांगेंत कोणी आगंतुक शिरला आहे.