लोकरी मावा आणि मित्रकीटक



2002 साल आठवतंय?
सांगलीकडं लोकरी मावा दिसला,
आणि आपल्या कोल्हापूरच्या उसातही शिरला.
पानाखाली पांढरी लोकर, पानावर काळी बुरशी.
डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणार तरी कसं?

तेव्हा कामाला आले मित्रकीटक.
डिफा आणि मायक्रोमस.
डिफाची अळी माव्यातच राहते, आणि मावाच खाते.
अळ्या असलेली पानं कापायची,
दुसऱ्या फडात नेऊन उसाच्या पानांना टाचायची.
एवढंच.
खर्च म्हणाल, तर टाचणीचा!

म्हणून सांगतो.
मावा दिसला, की आधी पान उलटून बघा.
डिफाची अळी असेल, तर फवारणी थांबवा.
विषारी औषधानं मावा मरतो,
आणि डिफाही मरतो.